अर्ध्या कानाचा सिंह

८ ऑक्टोबर

आज पुन्हा लाओ पानने चारचौघांत माझी टर उडवली. रविवारच्या जुन्या बाजारात चहाच्या टपरीवर आम्ही सगळे जमतो, तपकिरीच्या जुन्या कुप्या जमवणारे. कोणाकडे जेडच्या, कोणाकडे अकीकाच्या, कोणाकडे आतून रंगवलेल्या काचेच्या. माझ्याकडे लाकडाच्या. पान म्हणाला, "लाओ फू, थंडी आली. यंदा नळांतून उष्णता यायची वाट कशाला बघतोस? कपाटात भरपूर जळण आहे की!" सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

जेडला काय, शेंबडं पोरही चांगलं म्हणतं. लाकडाला डोळा लागतो. लाकूड तपकिरीचा वास पितं, म्हणून पूर्वी लाकडाच्या कुप्या फार कोणी करत नसत. ज्या केल्या त्या दर्दी माणसांसाठी केल्या. आमचे पणजोबा राजवाड्याच्या दारावर पहारेकरी होते (बाहेरच्या दारावर, पण राजवाड्याच्याच), त्यामुळे हा डोळा माझ्या रक्तातच आहे. जिल्हा उष्णता पुरवठा कार्यालयात इतकी वर्षं उपविभागप्रमुख म्हणून काढली तेव्हा तो वाया गेला. आता निवृत्त झाल्यावर कामाला आला आहे.

घरी आलो तर बायको, लान्यिंग, म्हणाली, "श्युनचा फोन होता. पुढच्या आठवड्यात शिलिनहोतला जायचंय. नाबुचीचे आजोबा भेटायला बोलावतायत. लग्नाचं बोलायचंय."

श्युन आमचा एकुलता एक. नाबुची मंगोल आहे, शिलिनहोतच्या कुरणांतली, गुरांची डॉक्टर. आईबाप लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवली. आजोबांनी हो म्हटल्याशिवाय ती लग्न करणार नाही असं पहिल्यापासून सांगते आहे. मुलगी चांगली आहे, पण फार सरळ बघते.

एक गोष्ट मात्र आत्ता लिहिताना सुचली. मंगोल लोक भेटले की तपकिरीच्या कुप्यांची अदलाबदल करतात! मासिकात वाचलं आहे. मासिक शोधून काढलं. लेखाचं शेवटचं पान गळालं आहे, पण मुद्दा समजला.

१३ ऑक्टोबर

प्रवासाला कोणती कुपी न्यायची यावर दोन दिवस विचार केला. अदलाबदलच करायची तर शहाण्या माणसाने हलकी न्यावी. भुसा राळेत दाबून साच्यातून काढलेली ती नेतो. ती मी मागच्या वर्षी फसून घेतली होती. फसून नव्हे, अभ्यासासाठी.

लान्यिंग म्हणाली, "व्याह्याकडे जाताना भेट म्हणून चहा ने, दारू ने. हे लाकूड कशाला?"

म्हटलं, "तुला यातलं कळत नाही."

"मला कशातलं कळतं ते तरी एकदा सांग," म्हणून ती भांडी घासायला गेली.

१६ ऑक्टोबर, शिलिनहोत

सगळे झोपलेत, तोवर लिहून टाकतो.

म्हातार्‍याचं नाव दम्रिन. घर विटांचं आहे, पण अंगणात तंबू उभा आहे आणि तो राहतो तंबूतच. आम्हाला आत बसवलं. त्याने कमरेच्या रेशमी पिशवीतून कुपी काढली, झाकण जरासं सैल केलं आणि उजव्या तळव्यावर ठेवून माझ्यापुढे धरली. मी घेतली. हुंगली आणि सटासट शिंकलो, कारण तपकीर मला सोसत नाही. डोळे पुसून बघतो तर काय! भूर्जाच्या गाठीचं लाकूड, मधासारखा रंग, आणि पोटावर कोरलेला बसलेला सिंह. राजाच्या कारखान्यातलं काम.

मी माझी कुपी त्याला दिली. त्याने हुंगली, मान लववली आणि तळव्यावर ठेवून परत माझ्यापुढे धरली. बिचारा संकोचला असणार. मी त्याची बोटं मिटवली आणि म्हटलं, "ठेवा, ठेवा! आता तुमचीच." आणि त्याची मी खिशात टाकली.

नाबुची खारा चहा ओतत होती, तो वाटीबाहेर सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. श्युनने माझ्या पायावर इतक्या जोरात पाय दिला की अंगठा सुजला आहे. त्याला तंबूत बसायची सवय नाही.

नंतर उकडलेलं मटण आलं, सुकवलेला चक्का आला. मी लग्नाचा विषय काढला. म्हातारा मंगोलमध्ये काहीतरी बोलला. नाबुची खाली मान घालून म्हणाली, "आजोबा म्हणतात, अजून आपली भेट झालेली नाही."

दुपारपासून मी त्याच्या समोर बसलोय! वय झालं की असं होतं. मी मोठ्या आवाजात, हातवारे करून पुन्हा ओळख करून दिली. तो शांतपणे माझ्या खिशाकडे बघत राहिला.

१७ ऑक्टोबर

परतीच्या बसमध्ये श्युन तोफेसारखा सुटला. "बाबा, ती परत द्यायची असते! हुंगायची आणि परत द्यायची! तो नमस्कार असतो, बाजार नाही! तुम्ही नमस्कार खिशात घालून आलात!"

म्हटलं, "मी लेख वाचलाय."

"आख्खा वाचलात?"

"मुद्द्यापुरता."

तो बीजिंग येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. लान्यिंग तेवढी म्हणाली, "लाओ फू, आयुष्यात पहिल्यांदाच व्याह्याच्या दारात गेलास आणि पहिल्याच दिवशी त्याच्या घरची वस्तू उचलून आणलीस."

उचलून! त्या बदल्यात दिली ना? मुलांना आणि बायकांना देवाणघेवाणीची संस्कृती कळत नाही.

२१ ऑक्टोबर

चार दिवस फक्त बघतोय. सिंहाचा उजवा कान पूर्ण आहे, डावा अर्धाच कोरलेला. सामान्य माणूस म्हणेल तुटला. मी भिंगातून पाहिलं, तुटलेला नाही, मुद्दाम अर्धा ठेवला आहे. हाच तर चियनलोंग राजाच्या काळातल्या कारागिराचा संयम! पूर्ण कान कोणीही कोरेल. अर्ध्यावर थांबायला गुरु लागतो. यावर एक निबंध लिहायला घेतला आहे.

संध्याकाळी टीव्ही बघताना कुपी नाकाच्या कडेला घासत बसतो. नाकाचं तेल लाकडाला सगळ्यात चांगलं, हे आमच्यात सगळे जाणतात. लान्यिंग म्हणते, "लोक नाकात तपकीर ओढतात, तू डबीला नाक पाजतोस."

२९ ऑक्टोबर

पानला दाखवली. आमच्यात वस्तू हातातून हातात देत नाहीत. एकाने टेबलावर ठेवायची, दुसर्‍याने तिथून उचलायची, म्हणजे पडली तर भांडण नको. त्याने उचलली, फिरवली, हुंगली, परत ठेवली.

"लाओ फू, ही राजाची नाही. साध्या चाकूचं काम आहे. घरात बसून कोणीतरी कोणासाठी तरी केलेली. पन्नास वर्षांची असेल. पण हात फार मायेचा आहे. कुठे मिळाली?"

म्हटलं, "एका मंगोल राजघराण्याकडून, अदलाबदलीत."

"मग परत कर," तो म्हणाला. "अशी वस्तू बाजारात कधी येत नाही. आली तर समजावं, कोणाच्या तरी घरातून चुकून आली आहे."

नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या! एवढी वर्षं जेड जमवलं, पण अशी वस्तू नाही. म्हणे परत कर. म्हणजे हा बसने शिलिनहोतला जाऊन आपल्या खिशात घालणार.

१२ नोव्हेंबर

श्युन आला होता. जेवला नाही, दारातच उभा राहून बोलला. म्हातारा कुठे जात नाही म्हणे, शेजार्‍यांकडेही नाही. कुपीशिवाय माणसाला सामोरं कसं जायचं? माझी राळेची कुपी त्याने रेशमात गुंडाळून ठेवली आहे, पाहुण्याची ठेव म्हणून. लग्नाचं काढलं की एकच सांगतो, "आधी भेट पुरी होऊ दे."

"मग त्याला सांग, झाली पुरी," मी म्हटलं.

"बाबा, ती कुपी नाबुचीच्या आजीने कोरलीय. ज्या हिवाळ्यात बर्फात सगळी जनावरं मेली त्या हिवाळ्यात. आजी गेली त्याला अकरा वर्षं झाली. आणि त्यावर सिंह नाहीये. तो त्यांचा कुत्रा आहे. लांडग्याशी भांडला तेव्हा अर्धा कान गेला त्याचा."

मी त्याला बसवून घेतलं आणि निबंधातला संयमाचा परिच्छेद वाचून दाखवला. अर्ध्यातच उठून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

कुत्रा! ज्या लोकांच्या घरात राजाची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पडून राहते ते लोक सिंहालाही कुत्राच म्हणणार.

१५ नोव्हेंबर

आजपासून घराघरात नळांतून उष्णता सुरू झाली. आमच्या घरात कोमट. माझ्या जागी बसलेल्या माणसाला झडपा कळत नाहीत.

३ डिसेंबर

आज मन बरं नाही. नाबुचीने गावी सरकारी दवाखान्यात जागा मागितली आहे. आजोबा एकटे पडलेत, बोलत नाहीत, त्यांच्यापाशी राहायचं म्हणते. श्युनने सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा येत होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कपाटासमोर उभा राहिलो.

लान्यिंग म्हणाली, "मुलगा हवाय का लाकूड, ते एकदा ठरव."

मुलगा नको असं मी कधी म्हटलं? श्युन तीन वर्षांचा असताना त्याला खांद्यावर बसवून गोठलेल्या तळ्यावर नेत होतो, ते अजून आठवतं. मुलगा हवाच आहे. पण माणसाच्या आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी यावं ना, की ज्याला पाहून चारचौघांनी गप्प बसावं? उष्णता पुरवठा कार्यालयात मला निरोपाला थर्मास दिला होता. तोही गळका.

मंडळींना माझी ही बाजू दिसत नाही.

९ डिसेंबर

तोड सापडली! म्हातार्‍याला भावनेची किंमत आहे, मला इतिहासाची. भावनेला नक्कल चालते, इतिहासाला चालत नाही. तेव्हा हुबेहूब नक्कल करून घ्यायची आणि ती म्हातार्‍याला पाठवायची. त्याची भेट पुरी, श्युनचं लग्न पक्कं, सिंह माझ्याकडे. यात कोणाचंही नुकसान नाही.

नकली मालाचा मला तिटकारा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. पण हा नकली माल नव्हे, कौटुंबिक तडजोड आहे.

पानच्या ओळखीचा एक कोरणारा आहे. पानला सांगितलं तर तो म्हणाला, "करून देतो. पण तळाला एखादी खूण करायला सांगू का? नाहीतर तुझीच गफलत व्हायची."

मी हसलो. "खुणा ज्यांना डोळा नाही त्यांना लागतात."

२८ डिसेंबर

नक्कल आली. दोन्ही शेजारी ठेवल्या. लाकूड तेच, रंग तोच, बुटाचं पॉलिश लावून म्हातारपणही आणलं आहे. खरोखर हुबेहूब! अर्थात मला लांबूनही फरक कळतो. खर्‍या वस्तूला एक खानदानी शांतपणा असतो.

लान्यिंग हात पुसत आली, दोन्हीकडे वाकून पाहिलं. "अरे, कान..." म्हणाली.

"काय कान?"

"काही नाही." मग म्हणाली, "यातली खरी कुठली?"

मी तिला सविस्तर समजावलं. डावीकडची खरी. तिचा शांतपणा पाहा, तिचा संयम पाहा. तिने इतक्या लक्षपूर्वक कधी माझं ऐकलं नव्हतं. "डावीकडची," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. उद्या नाबुची न्यायला येतेय, मीच नीट बांधून ठेवते. तू नको, तुझे हात कापतात."

उशिरा का होईना, तिला या छंदात रस वाटायला लागला आहे.

२९ डिसेंबर

नाबुची आली. लान्यिंगने लाल कापडात बांधलेली कुपी तिच्या हातात दिली. तिने सोडली, सिंहावरून अंगठा फिरवला, झाकण काढून हुंगलं आणि एकदम रडायला लागली. लान्यिंगच्या गळ्यात पडून रडली. लान्यिंगही रडली. श्युनने येऊन माझे दोन्ही हात धरले. "बाबा, थँक यू," म्हणाला. त्याच्या तोंडून असं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

सांगून टाकावं असं वाटलं. पण सगळे इतके आनंदात होते की म्हटलं, कशाला? शिवाय नक्कल इतकी उत्तम असेल तर श्रेय कोणाचं? निवड माझीच.

कपाटात पाहिलं. सिंह जागेवर आहे.

२ जानेवारी

शिलिनहोतहून फोन. भेट पुरी झाली! म्हातार्‍याने माझी राळेची कुपी रेशमात गुंडाळून नाबुचीबरोबर परत पाठवली आणि त्याच बैठकीत लग्नाला होकार दिला. मार्चमध्ये, बर्फ वितळलं की. राळेची कुपी परत का पाठवली ते कळलं नाही. हलकी आहे हे त्याच्या लक्षात आलं असेल, पण तक्रार केली नाही. सरळ माणसं आहेत.

७ जानेवारी

आज एक चमत्कार लिहायचा आहे.

दिवसाच्या उजेडात सिंह पाहत होतो. ऑक्टोबरात मी लिहिलं होतं की डावा कान अर्धा आहे. आज पाहतो तर दोन्ही कान अखंड! चष्मा पुसून पाहिलं, भिंगातून पाहिलं. अखंड. लान्यिंगला हाक मारली.

"तू रोज नाकाला घासतोस ना?" ती म्हणाली. "वाढला असेल."

ती थट्टेने म्हणाली, पण तिच्या तोंडून सत्यच निघालं. जुनं लाकूड हाताळलं की उमलतं, असं आमच्यातले बुजुर्ग सांगतात. वर्षानुवर्षांच्या मळाखाली दबलेला कान माझ्या मेहनतीने वर आला. निबंधातला संयमाचा परिच्छेद काढून टाकला आणि पूर्णत्वाचा घातला. पूर्ण कान कोरायलाच खरा गुरु लागतो.

आणखी एक. आता हुंगल्यावर शिंक येत नाही. शरीरही अखेर दर्दी झालं.

२१ जानेवारी

पान घरी आला होता. मी कुपी टेबलावर ठेवली. त्याने उचलली, कानांकडे पाहिलं, मग लान्यिंगकडे पाहिलं. लान्यिंगने त्याच्यापुढे डंपलिंगांची बशी सरकवली आणि म्हणाली, "पानभाऊ, तोंड बंद राहील इतके खा."

त्याने तोंडात दोन कोंबले, कुपी परत ठेवली आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "लाओ फू, आता मात्र माझी बोलायची सोय राहिली नाही."

एवढी वर्षं या वाक्याची वाट पाहिली.

१८ मार्च, शिलिनहोत

लग्न झालं. सगळं लिहायला हवं, पण आधी माझ्यावर काय प्रसंग आला ते लिहितो.

सिंह मी बरोबर आणला होता. रिकाम्या घरात ठेवणार कसा? आतल्या खिशात होता. दुपारी पाहुणे जमले, निळ्या झग्यातला दम्रिन उठून माझ्यासमोर आला आणि रेशमी पिशवीतून कुपी काढून तळव्यावर धरली. ती नक्कल! काय प्रेमाने जपली होती. मी घेतली, हुंगली, आणि इतक्या जोरात शिंकलो की नवरीच्या करवल्या हसल्या. हलक्या मालात हलकी तपकीर. मी ती ताबडतोब त्याच्या हातात परत दिली. असली वस्तू कोण ठेवून घेणार!

मग लक्षात आलं की तो थांबला आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी माझी द्यायची होती, आणि माझ्या खिशात फक्त खरी होती.

अदलाबदल! ऑक्टोबरात मी जे केलं तेच त्याने केलं तर? मला तोंड उघडायची सोय नव्हती. श्युन समोर उभा होता, नव्या कोटात, चेहरा पांढरा पडलेला. मला काय वाटलं कोण जाणे. त्या पोराच्या चेहर्‍याकडे बघत मी खिशात हात घातला आणि राजाचा सिंह म्हातार्‍याच्या तळव्यावर ठेवला. गेला तर गेला, म्हटलं. खरंच म्हटलं.

दम्रिनने कुपी जवळ नेली. सिंहाच्या कानांवरून अंगठा फिरवला, एकावरून, मग दुसर्‍यावरून. त्याचे डोळे बारीक झाले. हुंगली, जरा खोकला आणि दोन्ही हातांनी, मान लववून, मला परत दिली. परत! अस्सल वस्तू मुठीत आली होती, आणि परत दिली!

मी ती पटकन खिशात टाकली. त्याने नाबुचीच्या कानात काही सांगितलं, तिने ओठ दाबले.

"काय म्हणतात?"

"आजोबा म्हणतात, कुत्रा छान आहे तुमचा. फक्त बिचारा कधी लांडग्यासमोर गेलेला दिसत नाही."

डोळा नसला की माणूस असा बोलतो. मी उदारपणे मान डोलावली. मग त्याने मला मिठी मारली, मटणाच्या ताटाजवळ आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि पहिला तुकडा स्वतः कापून दिला. माणूस प्रेमळ आहे, यात वाद नाही. श्युन इतका हसत होता की त्याला मी असा कधी पाहिला नव्हता, आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी लान्यिंगला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, "सगळं छान झालं. पण एक दुःख आहे. एवढ्या मंडपात खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे कळणारा मी एकटाच. कोणापाशी बोलावं, असं एक माणूस नाही."

ती तोंडावर रुमाल धरून हलायला लागली. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांत तिने माझं दुःख पहिल्यांदा समजून घेतलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "रडू नकोस. मला सवय आहे."